सोळावं प्रकरण

आमच्या वाचन-गटात बसायच्या जागा ठरलेल्या आहेत. पाठीच्या खुर्च्या पुस्तक पुरतं वाचलेल्यांच्या, आणि खिडकीखालचा बिनपाठीचा बाक नुसता सिनेमा पाहिलेल्यांचा. एका पुस्तकाला चार शनिवार मिळतात. पहिले तीन पुस्तकाचे, चौथा त्यावर निघालेल्या सिनेमाचा. चौथ्या शनिवारी बाकावर जागा उरत नाही. बाकावरच्यांना बोलायला बंदी नाही, फक्त तोंड उघडण्याआधी "मी पुस्तक वाचलेलं नाही" एवढं वाक्य म्हणायचं. हा नियम बाईंचा.

बाई आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. एका छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. गटही त्यांनीच काढला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध डाग आला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. आपल्याशी बोलताना त्या आपल्या कानाकडे बघतात, आणि नवखा माणूस उगीचच कान चाचपतो.

त्यांना पुस्तकं मी वाचून देते. मुंगी झोपली की स्वयंपाकघराचं दार लोटून फोनवर एकेक प्रकरण रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. मुंगी म्हणजे माझी मुलगी, नऊ महिन्यांची. बदल्यात रोज चार ते पाच मुंगी बाईंकडे. त्या तासात मी काय करते असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. एकदा मी तासभर साबणाच्या डबीकडे बघत बसले होते. पण तो तास नसता तर काय झालं असतं, हा विचार मी पुढे जाऊ देत नाही.

"माझे डोळे तुझ्या तोंडात आहेत हं," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "जपून वापर. कंटाळा आला तर थांब, उद्या वाच. पण गाळायचं नाही. त्याने लिहिलंय, आपण कोण काटणार?"

या वेळची कादंबरी एका घड्याळजीची होती. मुलगी वर्षाची असताना बायको घर सोडून जाते, आणि हा माणूस दुकानाच्या काउंटरमागे पाळणा बांधून तिला वाढवतो. बावीस प्रकरणं. पंधरापर्यंत मी वेळेवर पाठवली. मग मुंगीला दात येऊ लागले, ताप आला, आणि ती माझ्या अंगावरून उतरेचना. सोळावं प्रकरण उघडून पाहिलं तर अडतीस पानं. सुरुवातीलाच नगरपालिका, मनोऱ्यावरचं घड्याळ, त्याच्या दुरुस्तीचा करारनामा. म्हटलं, हे मागून बघू. शेवट चुकवून चालणार नव्हतं, म्हणून सतरा ते बावीस कशीबशी संपवली. मुंगीला पाजताना दोन बैठकांत आवाज बंद करून सिनेमाही पाहिला. खाली येणाऱ्या ओळी वाचायच्या आणि वर तिचं डोकं आडवं येईल तेवढं चित्र सोडून द्यायचं.

चौथ्या शनिवारी सकाळी बाईंचा फोन आला.

"सोळावं आलं नाही गं. मी पंधरावरून सतरावर उडी मारलेली नाही, थांबलेय. आज चारला गट आहे."

"पाठवते बाई. झालंच आहे."

झालेलं काहीच नव्हतं. साडेअकराला मुंगी झोपली. ती अर्ध्या तासावर झोपत नाही, आणि तापापासून मांडीवरच झोपते, पान उलटायला हात हलला तरी दचकते. मी पुस्तक मिटलं. सिनेमात साधारण तिथेच मागची आठवण येते आणि घड्याळजीची बायको बॅग घेऊन जिना उतरते. कराराच्या पुढे तेच असणार, असं मी धरून चालले. पहिल्यांदा ठरवलं होतं की "बाई, हे थोडक्यात सांगते" म्हणायचं. फोन तोंडाशी धरला आणि ते वाक्य काही निघालं नाही. निघालं ते दुसरंच.

"ती घर सोडून गेली त्याच्या आधीही चारदा निघाली होती," मी म्हणाले. वाचण्याच्या आवाजात. आणि पुढचं येत गेलं. मुलगी रडत असताना ती फक्त किल्ली घेऊन अनवाणी खाली उतरते. खाली पत्रांच्या पेट्या असतात. ती त्यांच्यावरची सगळी नावं वाचते. आपल्या पेटीवर आपलं नाव शोधते. वरून रडणं ऐकू येत असतं, आणि तेवढ्या अंतरावरून ते कुणाच्याही मुलाचं वाटतं. पेट्यांपासून रस्ता अकरा पावलं. ती मोजते. लिफ्ट दोनदा वर जाते, दोनदा खाली येते. मग ती जिन्याने वर जाते आणि मुलीला उचलते, आणि मुलगी तिला बिलगते, जणू काही झालंच नाही.

मी थांबले तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. पाठवून टाकलं. प्रकरणाची जाडी बाईंना दिसत नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच धाडस झालं. संध्याकाळी खरं वाचून पाठवू आणि आधीचं पुसा म्हणू, असं स्वतःला सांगितलं. बावीसमधल्या एका प्रकरणावर कोण बोलणार आहे?

चार वाजता ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत मी बाईंच्या शेजारी बसले. पाठीच्या खुर्चीत. मुंगी मांडीवर.

मुख्याध्यापकांनी सुरुवात केली. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून बोलण्याआधी सगळ्यांवरून नजर फिरवतात. "माझा पहिला आक्षेप असा, की सिनेमातला घड्याळजी फारच देखणा घेतलाय. असा नवरा सोडून कोण जाईल?"

"देखणेच सोडावे लागतात सर," औषधांच्या दुकानवाल्या ताई म्हणाल्या. "बाकीच्यांची सवय होऊन जाते."

हशा पिकला. बाकावरून एका काकांनी हात वर केला. "मी पुस्तक वाचलेलं नाही. पण ते पावसातलं गाणं काही मला पटलं नाही. घड्याळांचं दुकान उघडं टाकून कुणी नाचतं का?"

"पुस्तकात गाणं नाहीये हो."

"तेच म्हणतोय मी! वाचलं नसलं तरी कळतं!"

मग बाईंनी घसा साफ केला आणि खोली शांत झाली. बाई शेवटीच बोलतात, आणि त्यांचं ऐकायलाच निम्मे लोक येतात.

"सिनेमावाल्यांनी एक मोठी चूक केलीय," बाई म्हणाल्या. "आख्ख्या पुस्तकातली सगळ्यात चांगली जागा काटलीय. सिनेमात ती बाई बॅग भरते आणि जाते, संपलं. आपण तिला नावं ठेवायला मोकळे. पुस्तकात ती त्याआधी चारदा खाली उतरून परत येते. पत्रांच्या पेट्यांवरची नावं वाचते. रस्त्यापर्यंतची पावलं मोजते. अरे, ते वाचल्यावर त्या बाईवर रागावताच येत नाही! मला आयुष्यात मूल झालं नाही, पण आज दुपारी ते ऐकताना मी कानातला इअरफोन काढून थोडा वेळ नुसती बसून राहिले. हे एका पुरुषाला कसं कळलं, याचं मला नवल वाटतंय."

मुंगीने माझी बांगडी तोंडात घातली होती. ती मी तशीच राहू दिली.

"कुठे आहे हे, बाई?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"सोळाव्यात."

पानं चाळल्याचा आवाज झाला. पाच-सहा प्रती एकदम. ग्रंथपालांनी बोट फिरवत फिरवत पाहिलं. "सोळाव्यात तर तो मनोऱ्याचा करार आहे, बाई. सगळं प्रकरणच त्याचं."

"मग सतरावं असेल."

"सतराव्यात शाळा."

"पत्रांच्या पेट्या तर कुठेच नाहीत," ताई हळूच म्हणाल्या. त्या हळूच बोलल्या, तेच वाईट होतं.

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. माझ्या कानाकडे पाहत म्हणाल्या, "अगं, सांग ना यांना. तूच वाचलंस."

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. अवघड नव्हतं. "ते मी घातलं," बस. पण त्याच्या मागोमाग पुढचा प्रश्न आला असता, कुठून आणलंस? आणि खोलीत पंधरा माणसं होती. त्यांतले चौघे आमच्या इमारतीतले, रोज त्याच पेट्यांतून पत्रं काढणारे.

"मला नीट आठवत नाही, बाई," मी म्हणाले. "मुंगी रडत होती तेव्हा."

प्रती एकेक करून मिटल्या. मग मुख्याध्यापक फार मायेने म्हणाले, "होतं असं. आपण चार पुस्तकं वाचतो, दोन सिनेमे बघतो, एकाचं दुसऱ्यात मिसळतं. या वयात चालायचंच."

"हो, तसंच असेल," बाई म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. परीक्षेत कोरा कागद देणाऱ्या मुलीसारखं.

घरी येताना त्यांनी नेहमीसारखं माझं कोपर धरलं होतं, फक्त जरा घट्ट. इमारतीत शिरल्यावर, पेट्यांच्या समोरच, त्या थांबल्या.

"तू वाचलंस तेव्हा होतं ना गं ते?"

"बघते बाई. घरी जाऊन बघते."

"माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं. न घडलेल्या गोष्टी सांगायची. इतकं बारीक सांगायची, की आम्हाला वाटायचं आपणच विसरलो."

लिफ्ट आली. मी बटण दाबलं.

रविवारी मी गेले नाही. सोमवारी चार वाजता मुंगीला घेऊन वर गेले तर बाईंनी दार उघडलं, पण दारातच उभ्या राहिल्या.

"आजपासून नको आणूस हिला."

"का हो बाई? बरं नाही का?"

"बरी आहे. पण डोक्याचा भरवसा राहिला नाही. हिला गादीवर ठेवलंय हेच मी विसरले तर? गॅस चालू ठेवून हिला घेऊन बाल्कनीत बसले तर? तुझं लेकरू आहे, गंमत नाही." त्यांनी मुंगीचं पाऊल चाचपून धरलं आणि सोडलं. "भाच्याला फोन केलाय. तो म्हणतो, डॉक्टरांना दाखवू आणि तिकडेच येऊन राहा. बघू."

मुंगी त्यांच्याकडे दोन्ही हात पसरून झेपावत होती. मी तिला मागे ओढलं. ओढताना ती रडली, आणि मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी रडतंय.

मंगळवारी औषधांच्या दुकानात गेले तर ताई सकाळ, दुपार, संध्याकाळ असे कप्पे असलेली डबी भरत होत्या. "बाईंसाठी," त्या म्हणाल्या. "मोठी अक्षरं चिकटवलीत, पण दिसणार कशी म्हणा. बोटाला लागावं म्हणून दुपारच्या कप्प्यावर मणी लावलाय. सर सगळ्यांना सांगत होते, बाईंशी जरा सावकाश बोला म्हणून. तू तर त्यांच्याजवळची. लक्ष असू दे गं."

"हो," मी म्हणाले.

चार ते पाच आता मुंगी माझ्याकडेच असते. बुधवारी त्या वेळात ती पाऊण तास रडली आणि मी दाराची किल्ली उचलून फडताळात वर, माझाही हात पुरणार नाही अशा जागी टाकून दिली. मग स्टुलावर चढून परत काढली. नवरा आल्यावर त्याला अर्धं सांगितलं. प्रकरण मी मनाने रचलं, एवढंच.

"एवढंच ना? मग सांगून टाक की," तो बूट काढत म्हणाला. "उलट खूश होतील. म्हणतील, पोरगी लेखिका निघाली!"

त्याला बाकीचं अर्धं माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

गुरुवारी सकाळी वर गेले. बाईंच्या पलंगावर एक बॅग उघडी होती आणि तिच्यात दोनच साड्या होत्या. मी बसलेसुद्धा नाही.

"बाई, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. सोळावं प्रकरण मी वाचलंच नाही. ते पेट्यांचं मी घातलं. शनिवारी सगळ्यांसमोर खोटं बोलले."

बाईंनी उशाशी चाचपलं. मग फोन माझ्याकडे सरकवला. "लाव."

"नको ना बाई."

"लाव म्हटलं ना."

मी लावलं. दोघींनी अकरा मिनिटं ऐकलं. माझाच आवाज होता, शांत, जरा लाडिकसुद्धा. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. संपल्यावर बाई म्हणाल्या, "एकदाही पान उलटलेलं नाही. बाकीच्या सगळ्या प्रकरणांत उलटल्याचं ऐकू येतं. मध्येच तू बोटाला थुंकीसुद्धा लावतेस. अकरा मिनिटं एकच पान! चाळीस वर्षं प्रुफं तपासली मी, आणि हे निसटलं माझ्या हातून." त्या माझ्यापेक्षा स्वतःवरच चिडलेल्या दिसल्या. मग चेहरा माझ्याकडे वळला. "पेट्या कुठल्या?"

मी पलंगावरच्या बॅगकडे बघितलं.

"आपल्याच?"

"हो."

"किती वेळ उभी होतीस?"

"लिफ्ट दोनदा वर-खाली झाली."

"आणि ही?"

"रडत होती. पाळण्यात."

"चारदा?"

"एकदाच, बाई. चार मी लिहिताना केलं." लिहिताना, असं मी म्हणाले. त्याचीही लाज वाटली.

मला वाटलं होतं, त्या एक तर हाकलून देतील किंवा जवळ घेतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पलंगावरच्या साड्या चाचपून त्यांच्या घड्या पुन्हा केल्या.

"तुझं तू त्या लेखकाच्या नावावर खपवलंस," त्या म्हणाल्या. "आणि ते वेडेपण माझ्या नावावर गेलं. शनिवारी उभं राहून सांग. काय सांगायचं ते तू ठरव. आणि आधी सोळावं वाचून पाठव. सगळी पानं, एकही न गाळता."

"मुंगीला चार वाजता—"

"शनिवारनंतर बघू."

प्रकरण मी त्या दिवशी आणि शुक्रवारी मिळून वाचलं, मुंगीला मांडीवर घेऊन, तिच्या रडण्यासकट. करारनाम्याची सतरा कलमं होती. बाईंचं उत्तर आलं, बोलूनच पाठवलेलं: "कंटाळवाणं आहे. पण आहे."

शनिवारी नव्या पुस्तकाचा पहिला दिवस होता. ग्रंथपाल प्रती वाटत होते. ताईंनी माझ्या हातातून मुंगीला घेतलं आणि खांद्यावर टाकलं. मुख्याध्यापक वाकून बाईंना एकेक शब्द सुटा करत विचारत होते, "बाई, पाणी, हवं, का?"

मी उभी राहिले. "पुस्तकाच्या आधी मागच्या शनिवारचं सांगायचंय. पत्रांच्या पेट्यांचं बाईंना चुकीचं आठवलं नव्हतं. मी ते त्यांना तसंच वाचून दाखवलं होतं. पुस्तकातलं न वाचता, मनचं. त्यांनी ऐकलेलं शब्दन् शब्द बरोबर सांगितलं. मला सगळं आठवत होतं, तरी मी नाही म्हणाले."

मुख्याध्यापकांच्या हातात पाण्याचा पेला तसाच राहिला. "म्हणजे आम्ही आठवडाभर बाईंना..." त्यांनी पेला टेबलावर ठेवला. "बाई, मी तर भलतंच..."

"बसा सर," बाई म्हणाल्या. "पुस्तकात नव्हतं ते नव्हतं म्हणालात. तेवढं बरोबरच होतं. फक्त आता माझ्याशी भरभर बोला." मग माझ्या कानाकडे पाहत म्हणाल्या, "आणि तू ती खुर्ची सोड."

मी खुर्ची सोडली आणि बाकाकडे गेले. पहिल्या शनिवारी बाकावर कुणीच नसतं. एवढ्या लांब बाकावर एकटं बसलं की पाठ कुठे टेकवावी कळत नाही.

"पण काय गं," ताई म्हणाल्या. मुंगीला थोपटत, अगदी सहज, कौतुकानेच. "इतकं खरं वाटलं बाईंना. ते पेट्यांचं, पावलांचं. कुठून सुचलं तुला?"

इमारतीतले चौघे माझ्याकडे बघत होते. "असंच सुचलं," म्हणता आलं असतं. कुणी खोदून विचारलं नसतं, उलट वाहवा झाली असती. बाईंनी मान वळवली नाही. त्यांचा कानच माझ्याकडे होता.

"मी पुस्तक वाचलेलं नाही," मी म्हणाले. बाकावरून बोलायचं तर आधी हेच म्हणायचं असतं. "आणि ते सुचलेलं नाही. त्या आपल्या इमारतीतल्या पेट्या आहेत. मी उभी होते तिथे. मुंगी वर रडत होती."

ताईंचा मुंगीच्या पाठीवरचा हात थांबला. तो पुन्हा थोपटायला लागेल, म्हणून मी त्या हाताकडे बघत राहिले.